लहान मुलांच्या सीबीसीवर मोठ्यांची रेंज छापणं थांबवा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतले सर्व पॅथॉलॉजी लॅबचालक, पॅथॉलॉजिस्ट आणि कलेक्शन सेंटरवाले यांस,

विषय : मुलांच्या रक्ताच्या रिपोर्टवर वयानुसार नॉर्मल रेंज छापण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, झालेली टेक्निशियन आहे. आधी लॅबमध्ये मशीनवर होते, आता घरोघरी जाऊन सॅम्पल घेते. वर्तकनगर, कोलशेत, कासारवडवली, आणि खाडीपलीकडे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे हा माझा पट्टा. मी डॉक्टर नाही. कोणाला औषध सांगत नाही, या पत्रातही सांगणार नाही. पण रिपोर्ट गेल्यावर फोन कोणाला येतो? रात्री लॅबचा नंबर कोणी उचलत नाही, डॉक्टरांचा दवाखाना बंद झालेला असतो. मग सकाळी रक्त काढून गेलेल्या ताईचा नंबर हाताशी असतो. त्यातले बरेच फोन लहान मुलांच्या सीबीसीबद्दल, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीबद्दल, असतात, आणि त्यातले निम्मेअधिक आलेच नसते, जर तुम्ही रिपोर्टचा एक रकाना नीट भरला असता.

एक उदाहरण देते. कोलशेतकडच्या एका सोसायटीतलं दोन वर्षांचं मूल. ताप नाही, खोकला नाही. चेहरा फिकट वाटतो, जेवणाचं नाव काढत नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी हिमोग्लोबिन बघायला सीबीसी लिहून दिली. रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला. एकूण पांढऱ्या पेशी 12,800, पुढे ठळक लाल ‘एच’, म्हणजे ‘हाय’, जास्त. त्यांतल्या एका प्रकारच्या पेशी, लिम्फोसाइट, 61 टक्के, पुन्हा ‘एच’. दुसऱ्या प्रकारच्या, न्यूट्रोफिल, 31 टक्के, ‘एल’, म्हणजे ‘लो’, कमी. शेजारी रेंज छापलेली : 4,000 ते 11,000, 20 ते 40, 40 ते 75. वडिलांनी ‘लिम्फोसाइट वाढले’ एवढं नेटवर टाकलं आणि तिसऱ्या ओळीत ब्लड कॅन्सर आला. आई रडायला लागली. कुठल्याशा मेडिकलवाल्या नातेवाइकाने फोनवरच अँटिबायोटिक सुचवलं. आणि मूल? सोफ्यावरून उड्या मारत होतं.

दोन वर्षांच्या मुलात एकूण पांढऱ्या पेशी 6,000 ते 17,000 असतात. त्या वयात लिम्फोसाइट साठ टक्क्यांच्या आसपास असणं हाच नियम आहे. म्हणजे ती तिन्ही लाल अक्षरं खोटी होती. खरं कमी होतं ते हिमोग्लोबिन, 10.1, या वयात ते निदान 11 हवं. ज्या प्रश्नासाठी सुई टोचली, त्याच्या उत्तराकडे त्या रात्री कोणी ढुंकूनही बघितलं नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लोहाचं औषध लिहून दिलं आणि पांढऱ्या पेशींवर एक शब्द बोलले नाहीत, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच.

तुमच्यापैकी पॅथॉलॉजिस्ट असलेल्यांना मी काही नवं सांगत नाहीये. एमडीच्या पुस्तकात हा तक्ता असतोच. जन्मतः पांढऱ्या पेशी 9,000 ते 30,000. महिन्याच्या बाळात 5,000 ते 19,500. वर्षाच्या मुलात 6,000 ते 17,500, चार वर्षांच्या मुलात 5,500 ते 15,500, आठ वर्षांच्या मुलात 4,500 ते 13,500. पुस्तकागणिक हे आकडे थोडे पुढेमागे होतात, पण 4,000 ते 11,000 ही मोठ्यांची चौकट त्यात कुठेच बसत नाही. टक्केवारीचंही तेच. जन्माच्या वेळी कळांचा, प्रसूतीचा ताण बाळावरही असतो, म्हणून न्यूट्रोफिल वरचढ असतात. पहिल्या आठवड्यात लिम्फोसाइट त्यांना गाठतात, मग पुढे जातात आणि चार-पाच वर्षांपर्यंत पुढेच राहतात. त्या वयात पारडं परत फिरतं आणि हळूहळू मोठ्यांसारखं चित्र दिसायला लागतं.

असं का, हे पालक विचारतात तेव्हा मी जेवढं शिकले तेवढं सांगते. बाळ येतं ते आईच्या नाळेतून आलेल्या आयजीजी अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, घेऊन. ही शिदोरी तीन ते सहा महिन्यांत संपत येते आणि बाळाची स्वतःची कमाई अजून पुरेशी झालेली नसते. या काळात प्रत्येक जंतू त्याला पहिल्यांदाच भेटत असतो. छातीतली थायमस ग्रंथी याच वयात जोमात असते आणि टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, घडवत असते. नवा विषाणू आला की ओळख करून घेणारे, लक्षात ठेवणारे लिम्फोसाइटच. मग पहिली चार-पाच वर्षं त्यांची गर्दी नको का? त्या गर्दीला लाल शाईने ‘एच’ म्हणणं म्हणजे आजोबांच्या सदऱ्याच्या मापाने नातवाचं झबलं बेतणं झालं.

आता तुम्ही म्हणाल, चार पालक घाबरले, दुसऱ्या दिवशी शांत झाले, त्यात एवढं काय? तेवढंच असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. चुकीची रेंज जिथे ओरडायला हवं तिथे गप्प बसते, हे जास्त वाईट आहे.

चार महिन्यांचं बाळ घ्या. वजन वाढत नाही, तोंडात बुरशी येते, जाते, पुन्हा येते, जुलाब थांबत नाहीत. सीबीसी केली. एकूण पेशी 6,400, लिम्फोसाइट 28 टक्के. मोठ्यांच्या रेंजमध्ये दोन्ही आकडे चोख बसतात. एकही लाल अक्षर नाही, रिपोर्ट कसा स्वच्छ. पण गुणाकार करा : 6,400 चे 28 टक्के म्हणजे जेमतेम 1,800 लिम्फोसाइट. या वयात ते निदान 4,000 च्या आसपास तरी असतात. तान्ह्या बाळात हा आकडा 3,000 च्या खाली गेला, की जन्मजात प्रतिकारशक्तीच नसण्याच्या आजाराची, म्हणजे ‘स्किड’ची, शंका घ्यायची असते. तो आजार दुर्मीळ आहे, मान्य. पण ही बाळं जन्मतः धडधाकट दिसतात. आईच्या अँटिबॉडी आहेत तोवर निभतं, मग एकामागून एक संसर्ग सुरू होतात, आणि उपचार झाले नाहीत तर बहुतेक बाळं पहिल्या एक-दोन वर्षांतच जातात. बोन मॅरो ट्रान्सप्लांट जितकं लवकर, शक्यतो पहिल्या साडेतीन महिन्यांत आणि संसर्ग व्हायच्या आधी, तितकं यश जास्त. या बाळांना जिवंत जंतूंच्या लसी धोक्याच्या, आणि बीसीजी तर आपल्याकडे जन्मल्याबरोबर देतात. काही देशांत प्रत्येक नवजात बाळाची यासाठी चाचणी होते. आपल्याकडे अशी सरसकट चाचणी नाही. आपल्याकडे आहे ती दोन-तीनशे रुपयांची सीबीसी, आणि तिच्यातला तो एक गुणाकार. तो मशीन आपोआप करतं. आपण छापत नाही. पुढच्या तपासण्यांसाठी फार लांब जायचं नाही, परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिर संस्था आहे. ठाण्याहून लोकलने तासाभरात पोचता येतं. पण तिथे जायची वेळ आली आहे हे कोणाला कळायला तर हवं!

नवजात बाळाचंही तसंच. दोन दिवसांच्या बाळाचा एकूण काउंट 4,600 आला, तर मोठ्यांच्या चौकटीत तो ‘नॉर्मल’. प्रत्यक्षात 5,000 च्या खालचा आकडा या वयात रक्तातल्या जंतुसंसर्गाची खूण असू शकतो. आणि 24,000 आला तर लाल ‘एच’, जो बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. एकाच कागदावर खोटी भीती आणि खोटा दिलासा, दोन्हींची सोय आपण करून ठेवली आहे. सब घोडे बारा टक्के.

पावसाळ्यात हे आणखी अंगाशी येतं. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, जुलै ते ऑक्टोबर डेंग्यूचे दिवस. ‘काउंट वाढला नाही ना, मग इन्फेक्शन नाही’ असं पालक मला बिनधास्त सांगतात. डेंग्यूत काउंट वाढत नाही, घसरतो. आधी पांढऱ्या पेशी उतरतात, पाठोपाठ प्लेटलेट, आणि रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागायच्या आधी बहुधा हाच क्रम दिसतो. तीन वर्षांच्या मुलात 4,300 हा घसरलेला काउंट आहे, पण तुमच्या रिपोर्टवर तो साधा काळ्या शाईत, निमूट. टायफॉइडमध्येही काउंट बरेचदा खालीच असतो. सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटवर खिळलेलं. घरातला प्रत्येक जण प्लेटलेट पाठ म्हणून दाखवतो, पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, किती विचारलं तर माहीत नसतं. आणि ताप उतरला की ‘सुटलो’ म्हणून सगळे निवांत होतात. डेंग्यूत जपायचे 24 ते 48 तास नेमके तेव्हा सुरू होतात. पीसीव्ही वाढतोय का, पांढऱ्या पेशी कुठे चालल्यात, हे त्या दिवसांत एकत्र बघायचं असतं, आणि आधीच्या दिवसाचे आकडे शेजारी असतील तर उत्तम. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीचे रिपोर्ट शेजारी छापायची सोय असतेच. वापरतं कोण?

आता माझ्या बाजूचं, सुईच्या टोकाशी काय घडतं ते. लॅबमध्ये बसलेल्यांना ते दिसत नाही.

दीड वर्षांच्या मुलाचं रक्त घेताना घरात चार माणसं लागतात. आजी मांडीवर घेऊन हात धरते, बाबा पाय धरतात, आई दुसऱ्या खोलीत जाऊन कानावर हात ठेवते, मोठी बहीण मोबाइलवर कार्टून लावते. बाळसेदार हातात शीर सापडत नाही, बोटाने चाचपडावी लागते. बटरफ्लाय सुई आत गेली आणि रक्त आलं नाही, तर दुसरा हात. ‘अगं ताई, किती काढतेस, त्याच्या अंगात आहे तरी किती?’ हे आजीचं पालुपद. तोवर मूल लालबुंद, घामाघूम, टाहो फोडून दमलेलं. आता त्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये जे रक्त जातं, ते शांत बसलेल्या मुलाचं नसतं. आपल्या न्यूट्रोफिलपैकी जवळजवळ निम्म्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या असतात. रडणं, धडपड, भीती यांनी ॲड्रिनलिन वाढलं की त्या सुटून प्रवाहात येतात आणि काउंट चढतो. नव्या पेशी तयार झालेल्या नसतात, संसर्गही नसतो. मूल शांत झालं, थोडा वेळ गेला की आकडा पुन्हा खाली येतो. जोराची धावपळ, उलट्या, झटका येऊन गेलेला असणं यांनीही असंच होतं.

आणि औषधं. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना स्टेरॉइडचं सिरप दिलेलं असतं. काही तासांत न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) खाली येतात. रिपोर्ट बघणाऱ्याला वाटतं, जिवाणूंचं इन्फेक्शन उसळलं. घोडबंदर रोडवरच्या बांधकामांची धूळ, तळोजा-तुर्भ्याकडची हवा, शिवाय बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल. आमच्या पट्ट्यात नेब्युलायझर घराघरात मिक्सरच्या शेजारी ठेवलेला असतो, त्यामुळे स्टेरॉइड घेतलेलं मूल ही काही अपवादाची गोष्ट नाही. पण तुमच्या फॉर्मवर बघा. ‘उपाशीपोटी की खाल्ल्यानंतर’ हा चौकोन आहे, जो सीबीसीसाठी फारसा कामाचा नाही. ‘स्टेरॉइड चालू आहे का’, ‘सॅम्पल घेताना मूल रडत होतं का’ हे चौकोन नाहीत. मी पेनने कडेला लिहून देते. तो कागद पुढे कुठे जातो, देवाला माहीत.

इओसिनोफिलबद्दल थोडक्यात. ते वाढले की जंत किंवा ॲलर्जी, एवढं पालकांनाही ठाऊक असतं आणि बहुतेकदा ते बरोबर असतं. जंतांच्या गोळीचा राष्ट्रीय दिवस 10 फेब्रुवारीला असतो, 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेन्डाझोल फुकट मिळते, अंगणवाडीत आणि शाळेत. खासगी शाळेतल्या मुलांचे आईबाप ‘आमच्याकडे जंत कुठले’ म्हणून ती नाकारतात. असो.

मग येतात ती ‘इम्युनिटी पॅकेजेस’. कोविडनंतर हे पेव फुटलं. मुलाला वारंवार सर्दी होते? प्रतिकारशक्ती तपासा, अमुक रुपयांत इतक्या चाचण्या. तुमच्यापैकी काहींच्या फ्लेक्सवर गुटगुटीत बाळाचा फोटो आणि ढाल असते. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे साधं आहे, पाळणाघरात जाणाऱ्याला त्याहूनही जास्त वेळा. दर वेळी आठवडाभर नाक वाहिलं, तर पावसाळा आणि हिवाळा मिळून आईला ‘सारखंच आजारी’ वाटणारच. ते मूल आजारातून उठतंय, खातंय, वाढतंय, तर त्याची प्रतिकारशक्ती आपलं काम करतेय. सीबीसीत पेशींची संख्या दिसते, त्यांचं कसब दिसत नाही, हे पॅकेज विकताना कोणी सांगत नाही.

गोवराचं बघा. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, आपल्या शेजारी भिवंडीत, तिकडे मालेगावात गोवराचा उद्रेक झाला होता. गोवराच्या विषाणूला नेमक्या त्या पेशी सापडतात ज्यांनी जुन्या जंतूंची आठवण जपून ठेवलेली असते. लिम्फोसाइटचा आकडा काही आठवड्यांत पूर्ववत होतो, रिपोर्ट बघून कोणी म्हणेल सगळं ठीक. पण 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांमध्ये गोवरानंतर आधीच्या अँटिबॉडींचा साठा 11 ते 73 टक्क्यांनी घटलेला आढळला. जी दुखणी मूल आधीच सोसून चुकलं, त्यांच्यापुढे ते पुन्हा नवखं. नऊ महिन्यांना आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान एमआर (गोवर-रुबेला) लसीचे दोन डोस महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. प्रतिकारशक्तीवर खर्च करायचाच असेल, तर आधी तिथवर जायचं रिक्षाभाडं काढा, असं मी फोनवर सांगते. तुमच्या पॅकेजचा धंदा बुडतो, माफ करा.

अन्नाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुलं ॲनिमियात आढळली. यात फक्त पाड्यावरची मुलं नाहीत, वीस मजली टॉवरमधली दूध-बिस्किटांवर वाढणारीही आहेत. लोह कमी पडलं, तर पांढऱ्या पेशींची संख्या भरलेली दिसते, पण जंतू गिळल्यावर मारायची त्यांची ताकद उणावते. शहापूर-मुरबाडकडून तीव्र कुपोषित मूल येतं, त्याच्या बाबतीत तर उलटाच धोका. अंगात संसर्ग असतो आणि तापही चढत नाही, काउंटही वाढत नाही, कारण ते वाढवायला लागणारं बळच शरीरात उरलेलं नसतं. थायमस आक्रसलेली असते. म्हणून गंभीर कुपोषित आणि प्रकृती बिघडलेल्या मुलाला संसर्गाची खूण दिसली नाही तरी अँटिबायोटिक द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या मुलाच्या रिपोर्टवर आपण 9,000 हा आकडा काळ्या शाईत छापतो. नॉर्मल!

याचा अर्थ ‘एच’ कडे दुर्लक्ष करा असा कोणी घेऊ नये, म्हणून हेही लिहिते. मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचाच, आणि त्यातला मुख्य प्रकार दोन ते पाच वर्षांच्या वयात जास्त दिसतो. म्हणजे लिम्फोसाइट नैसर्गिकपणे जास्त असण्याचंच वय. फरक आकड्यावरून कळत नाही. त्या आजारात एकूण काउंट वाढलेला, कमी किंवा अगदी नॉर्मलही असू शकतो. फरक स्लाइडवर कळतो, आणि मुलाकडे बघून कळतो : पांढराफटक चेहरा, न हटणारा ताप, रात्री पाय दुखतात म्हणून रडणं, अंगावर लाल-जांभळे ठिपके, मानेत-काखेत गाठी, फुगलेलं पोट. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही सोबत घसरलेल्या असतील, तर कोणी थांबू नये. उपचार दारात आहेत, खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र, ॲक्ट्रेक, आहे. पण थ्री-पार्ट मशीन पेशींचे तीनच ढीग करतं. मधल्या ढिगात काय दडलंय ते त्याला ओळखता येत नाही, ते फार तर शंकेचा झेंडा लावतं. झेंडा लागला की लीशमन स्टेनची, म्हणजे पेशी रंगवलेली, स्लाइड करून पॅथॉलॉजिस्टने स्वतः मायक्रोस्कोपखाली बघायची, हा नियम किती ठिकाणी पाळला जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही शिकलो तेव्हा न्यूबाऊर चेंबरच्या, म्हणजे पेशी मोजायच्या आखीव काचेच्या, चार कोपऱ्यांतल्या पेशी मोजून पन्नासने गुणायचो, मग स्लाइडवर शंभर पेशी एकेक करून ओळखायचो. वेळ खायचं काम होतं, ते परत आणा असं मी म्हणत नाही. पण तेव्हा पेशीकडे माणूस बघायचा आणि चिठ्ठीवर वय वाचूनच आकड्याकडे वळायचा. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी असं सांगितलं, ते काय स्कॅन केलेली सही चिकटवण्यासाठी?

तुमची उत्तरं मला माहीत आहेत, कारण मी ती ऐकलेली आहेत. ‘डॉक्टरांना कळतं, ते वयाप्रमाणे वाचतात.’ बालरोगतज्ज्ञांना नक्की कळतं. पण आता रिपोर्ट आधी पालकांच्या मोबाइलवर जातो, तो तुम्हीच पाठवता, वर ‘लवकर रिपोर्ट’ म्हणून जाहिरात करता. रात्री कॅज्युअल्टीत बसलेला नवखा डॉक्टर आधी लाल अक्षरांवरूनच नजर फिरवतो. ‘खाली लिहिलेलं असतं ना, क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे लक्षणांशी ताडून बघा.’ ते तर तुम्ही लघवीच्या रिपोर्टखालीही छापता. ‘सॉफ्टवेअरमध्ये बदल करावा लागेल.’ करा की! बारकोड लावताना वय आपण टाकतोच, त्याशिवाय नोंदणी पुढे सरकत नाही. वयोगटानुसार रेंज भरायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असते, कोणीतरी एक दुपार बसून ती भरायची असते. ‘आमच्या लोकसंख्येसाठी रेंज ठरवणं खर्चिक.’ नव्याने ठरवायची तर दर गटात 120 निरोगी मुलं लागतात, खरं आहे. पण प्रमाणित तक्ता घेऊन तो आपल्या मशीनला लागू पडतो का, एवढंच पडताळायचं तर 20 सॅम्पल पुरतात. एनएबीएलच्या, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, प्रमाणपत्राच्या चौकटी भिंतीवर लावलेल्यांना मी काय सांगायचं! तुमच्या आयएसओ 15189 या लॅबच्या मानकातच लिहिलंय की रेफरन्स इंटरव्हल, म्हणजे नॉर्मल रेंज, ज्यांची तपासणी करता त्यांना शोभणारा हवा.

तर मागणं असं. बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या सीबीसीवर वयाची रेंज छापा, नवजात बाळाची दिवसांप्रमाणे. टक्केवारीसोबत प्रत्येक पेशीचा प्रत्यक्ष आकडाही द्या, आणि ‘एच’, ‘एल’ त्या आकड्यावरून ठरवा. तान्ह्या बाळाचे लिम्फोसाइट 3,000 च्या खाली आले, तर रिपोर्ट मोबाइलवर जाण्याआधी पॅथॉलॉजिस्टने डॉक्टरांना फोन करावा, जसा तुम्ही पोटॅशियम चढल्यावर करता. फॉर्मवर स्टेरॉइड आणि रडणं यांचे दोन चौकोन घाला, मी भरून देईन. आणि ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या आरोग्य विभागांत हे पत्र कोणी वाचत असेल, तर जिथे जिथे तुम्ही बाहेरच्या लॅबकडून तपासण्या करून घेता, तिथल्या करारात ही अट एका ओळीत बसते.

ज्या लॅबने हे आधीच केलंय, तिथले रिपोर्टही मी पोचवते. त्या मुलांच्या घरून रात्रीचे फोन क्वचितच येतात, आणि आले तर हिमोग्लोबिनबद्दल येतात.

आपली,
घरोघरी सॅम्पल घेणारी एक टेक्निशियन,
ठाणे

ता. क. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त येतात. टाचेतून घेतलं की शिरेतून, हे रिपोर्टवर लिहायला जागा ठेवा. आणि नवजाताच्या रक्तात केंद्रक असलेल्या लाल पेशी असतात, काही मशीन त्यांनाही पांढऱ्यात मोजतात. स्लाइड बघून तेवढ्या वजा केल्याशिवाय तो आकडा बाहेर सोडू नका.